नगरभोवतीचे विसरलेले घुमट

नगर शहरातून कुठल्याही रस्त्याने बाहेर पडा, थोड्याच वेळात एखादा घुमट दिसतो. कधी ज्वारीच्या ताटांमागे, कधी पेट्रोल पंपाच्या कुंपणाला लागून, कधी नव्या प्लॉटिंगच्या फलकाआडून. एस.टी.त बसलेला माणूस खिडकीतून पाहतो, काहीतरी जुने आहे एवढे म्हणतो आणि गाडी पुढे जाते. गेली आठ वर्षे आम्ही अशा ठिकाणी उतरतो आणि फोटो काढतो.

आम्ही म्हणजे एक घर. त्यात दोन शिक्षक, एक लेक, एक धाकटा आणि अम्मी. अम्मी बहुधा गाडीतच बसतात, डबा आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळतात, आणि अर्धा तास झाला की हाका मारू लागतात. कॅमेरा म्हणाल तर खिशातला मोबाइल. सोबत एक वही, एक टॉर्च आणि शाळेतली लाकडी फूटपट्टी. छंद म्हणून याहून स्वस्त काही असेल असे वाटत नाही.

सरकारी कागदावर या शहराचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. बोलताना इथला माणूस पूर्वीही नुसते 'नगर' म्हणायचा आणि आताही म्हणतो. अहमद निजामशहाने १४९० च्या लढाईत बहामनी फौजेचा पराभव केला आणि त्याच भागात हे शहर वसवले. पुढची सव्वाशे-दीडशे वर्षे इथे निजामशाही नांदली. बागा, महाल, मशिदी, मकबरे, हमाम, पाण्याच्या नहरी असे कितीतरी बांधले गेले. दख्खनचा मोठा इतिहासकार फरिश्ता लहानपणी इथेच आला, इथेच वाढला, आणि १५८९ मध्ये विजापूरला गेला. एवढे सगळे असूनही परगावचे पाहुणे नगरला येतात ते शिर्डी-शिंगणापूरच्या वाटेवर चहा प्यायला.

आमची सुरुवात एका मुलीच्या प्रश्नाने झाली. वर्गात आपल्या जिल्ह्याविषयी शिकवताना 'चांदबीबी महाल' हे नाव आले. शहरापासून साधारण १३ किलोमीटरवर, पाथर्डीच्या रस्त्याला, शाह डोंगरावर ही इमारत उभी आहे; नगरच्या अर्ध्या गावांतून ती दिसते. मुलीने विचारले, "चांदबीबी एवढ्या उंच डोंगरावर पाणी कुठून आणायची?" प्रश्न अगदी रास्त होता. महाल म्हटला की स्वयंपाकघर हवे, हमाम हवा, हौद हवा. या इमारतीत राहण्याच्या घरासारखे काहीच दिसत नाही, कारण ती घर नाहीच. तो सलाबतखानाचा मकबरा आहे. मुर्तझा निजामशहाच्या काळात १५७९ पासून दहाएक वर्षे राज्याचा कारभार या वजिराच्या हाती होता. इमारतीच्या खाली तळघरात कबरी आहेत. चांदबीबी सुलताना हुसेन निजामशहाची लेक. विजापूरच्या अली आदिलशहाशी तिचा निकाह झाला होता. पुढे माहेरी येऊन तिने १५९५-९६ मध्ये मोगल शहजादा मुरादच्या वेढ्यापासून नगरचा किल्ला राखला. सलाबतखान त्याआधीच वारला होता. पण लोकांना वजीर आठवला नाही, वेढ्यात तटावर उभी राहिलेली बाई आठवली आणि डोंगरावरची सगळ्यात उंच इमारत त्यांनी तिच्या नावाने केली. चूक खरी, पण त्या चुकीतली माया आम्हाला आवडते. मुलांना मात्र दोन्ही सांगितले पाहिजे.

मकबरा अष्टकोनी, तीन मजली आहे. बाहेरून नक्षी जवळजवळ नाही. नुसता दगड आणि कमानींवर कमानी. फोटो काढणाऱ्याची इथे पहिल्याच दिवशी फजिती होते, कारण समोर उभे राहून काढलेला प्रत्येक फोटो सारखाच येतो. आमच्या लेकीने त्यावर तोड काढली. तिने इमारतीचा फोटो काढणे सोडून दिले आणि कमानीतून बाहेर पाहायला सुरुवात केली. आठ बाजू, आठ देखावे. एका कमानीत करंजी घाटाकडचे डोंगर, दुसरीत शेते, तिसरीत दूरवर नगरचा धूर. पावसाळा सरताना गेलात तर ढगांच्या सावल्या शेतांवरून सरकताना दिसतात आणि वारा इतका असतो की दुपट्टा सांभाळावा की मोबाइल, हे ठरवावे लागते.

घरात आधी थोडा वाद झाला होता. मरहूम दादींना माणसांच्या तसबिरी घरात लावलेल्या आवडत नसत. लग्नाचे अल्बमसुद्धा कपाटात असायचे. या छंदाचे कळले तेव्हा त्यांनी फक्त एवढेच विचारले, "माणसे नाहीत ना त्यात?" नाहीत म्हटल्यावर त्यांनी चष्मा मागवून घेतला. एका फोटोत एक शेळी कमानीतून डोके काढून पाहत होती. दादी बराच वेळ त्या शेळीकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "हिला विचारून काढला का?" इमारतीच्या फोटोंचे हे एक सुख आहे. घरातल्या कुणाचीच हरकत नसते.

फराहबाग हे आमचे सगळ्यात आवडते ठिकाण. भिंगारच्या छावणीच्या बाजूला, लष्करी हद्दीला लागून हा महाल आहे. मुर्तझा निजामशहाच्या काळात, १५८३ च्या सुमारास तो पूर्ण झाला. मोठा तलाव खोदून त्याच्या बरोबर मध्यभागी दुमजली महाल बांधलेला होता आणि चारी बाजूंना बाग. मधोमध उंच घुमटाखाली दिवाणखाना. आज तलावात पाणी नाही, बाग नाही. कोरड्या तलावाच्या तळातून चालत महालापर्यंत जाता येते. एके काळी जिथे होडी लागत असेल तिथे आता गवतातून पायवाट आहे. ताजमहालाची कल्पना शाहजहानला या इमारतीवरून सुचली, असे इथले लोक छाती फुगवून सांगतात. आम्ही ते मुलांना ऐकीव गोष्ट म्हणूनच सांगतो. या महालाला मोठे व्हायला ताजमहालाच्या शिफारशीची गरज नाही.

फराहबागेत उजेड पाहायचा असतो. बाहेरचे ऊन आणि आतला अंधार यांत इतका फरक पडतो की मोबाइल गोंधळून जातो. बाहेर बरोबर दिसले तर आत काळेकुट्ट, आत दिसले तर कमानीत नुसता पांढरा डाग. त्याला उपाय एकच, सकाळी लवकर किंवा असरनंतर जावे, जेव्हा बाहेरचे ऊन उतरलेले असते. पडद्यावर अंधाऱ्या भागाला बोट लावून उजेड थोडा कमी करायचा, आणि हात हलू नये म्हणून मोबाइल दप्तरावर टेकवायचा. तिवई न्यायची तर संरक्षित इमारतीत परवानगी लागते. दप्तराला लागत नाही. ड्रोनचा तर विचारही करू नये, शेजारी लष्कर आहे.

आम्ही तिथे एक सवय लावून घेतली. आत गिलाव्यावर एक कोनाडा आहे. दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीत त्याच जागी उभे राहून त्याच कोनाड्याचा फोटो काढायचा. एकच फोटो पाहिला तर त्यात विशेष काही नाही. पण आठ फोटो ओळीने लावले की भिंतीवरची नावे मोजता येतात. बदाम, बाण, दोन नावे, तारीख. धाकट्याला गणिताची आवड; त्याने वहीत तक्ता करून दर वर्षी किती नावे वाढली ते लिहून ठेवले आहे. केंद्र सरकारच्या संरक्षणातील स्मारकाची नासधूस केली तर १९५८ चा कायदा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हे आम्ही शाळेत सांगतो. पण कायदा सांगून जेवढा परिणाम होत नाही तेवढा धाकट्याच्या त्या तक्त्याने होतो. एका मुलाने तो पाहून हळूच विचारले होते, "लिहिलेले पुसता येते का?" गिलावा जुना चुन्याचा आहे, पुसायला जावे तर त्याच्यासकट निघेल, असे सांगितल्यावर तो गप्प बसला.

तलावात पाणी यायचे कुठून, हा पुढचा प्रश्न. नगरच्या आसपास कापूरवाडी, शेंडी अशा गावांकडून जमिनीखालून नळ आणले होते. नळ मातीचे, भाजलेले. लोक त्यांना खापरी नळ म्हणतात. उंचावरच्या विहिरी-झऱ्यांचे पाणी उताराने शहरात, महालांत, मशिदींच्या हौदांत यायचे. पंप नाही, वीज नाही, फक्त उताराचा हिशेब. या नहरी फोटोसाठी सगळ्यात अवघड, कारण दिसतात ती फक्त उच्छ्वास मारण्यासाठी बांधलेली छोटी मनोऱ्यासारखी बांधकामे आणि रस्ता खोदताना निघालेले खापराचे तुकडे. असा तुकडा दिसला तर आम्ही शेजारी फूटपट्टी ठेवतो आणि फोटो काढतो. फूटपट्टीचा उपयोग तेव्हाच समजतो. पट्टीशिवाय तो तुकडा कुंडीचाही वाटू शकतो. तुकडा उचलून घरी आणायचा नाही, हे मुलांशी आधीच ठरलेले आहे. धाकट्याने दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा अम्मींनी त्याचे खिसे तपासले.

किल्ल्याजवळच्या दमडी मशिदीत कॅमेरा उलट्या कारणाने अडचणीत येतो: काय सोडावे ते कळत नाही. मशीद लहान, १५६७-६८ ची, पण दगडातली फुलेपाने इतकी बारीक की एक भिंत पाहायला तासभर लागावा. किल्ल्याचे काम करणाऱ्या मजुरांनी रोजच्या मजुरीतून एकेक दमडी काढून ती बांधली, अशी आख्यायिका आहे. खरी असेल-नसेल, पण गवंडी आणि पाथरवटांच्या पोरांना ती सांगून पाहा. आमच्या वर्गात अशी पोरे आहेत. ती मशिदीचे फोटो पाहताना सांधे पाहतात, दगड कसा घडवला ते आपसांत बोलतात. आम्हाला दिसले नव्हते ते त्यांनी दाखवले.

सीना नदीच्या बाजूला बागरौझा आहे, तिथे अहमद निजामशहाची कबर. आवारात एक चौथरा-वजा बांधकाम आहे. ती गुलाम अली नावाच्या हत्तीची कबर, आणि १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत या हत्तीने रामराजाला पकडले, असे सांगतात. मुलांना बादशहापेक्षा हत्तीच जास्त आवडतो, हे काही वेगळे सांगायला नको. उत्तरेकडे डोंगरगणजवळचा मांजरसुंबा किल्ला, शहराबाहेरची हश्त बिहिश्त बाग, भर वस्तीतली मक्का मशीद यांवर वेगळे लिहावे लागेल.

कबरस्तानात आणि मकबऱ्यात फोटो काढताना आमचे काही साधे नियम आहेत. आधी सलाम करायचा, मग खिशातून मोबाइल काढायचा. कबरीवर किंवा तिच्या चौथऱ्यावर पाय देऊन उभे राहायचे नाही, कोन कितीही चांगला मिळत असला तरी. कुणी दुआ मागत असेल तर थांबायचे. कुणाचा चेहरा येत असेल तर विचारायचे, विशेषतः बायका असतील तर. हल्ली काही मुले मकबऱ्यांत गाणी लावून रील काढतात आणि खाली 'भूतबंगला' असे लिहितात. पडक्या जागेला भुताची म्हटले की ती कुणाचीच राहत नाही. मग तिथे बाटल्या फोडायला, दगड उचलून न्यायला कुणाला काही वाटत नाही. म्हणून आम्ही फोटोखाली नाव लिहितो. नाव माहीत नसेल तर गाव लिहितो. एवढ्यानेही फरक पडतो.

आणखी एक सांगितले पाहिजे. एकट्याने जाऊ नये. जिने अंधारे असतात, पायऱ्या झिजलेल्या असतात, वरच्या मजल्यावरचा भाग कधी दगा देईल सांगता येत नाही. उंच कमानीत आग्यामोहोळ असते. तिथे धूर, अत्तर आणि आरडाओरड तिन्ही नको. पावसाळ्यात गवतात साप असतात. आमच्या अम्मींचे अर्ध्या तासाने हाका मारणे म्हणूनच आम्ही बंद केलेले नाही.

नगरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, त्यामुळे तिथे दारावर विचारून, सांगतील तेवढेच फोटो काढावेत. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसच्या नेत्यांना इथे आणून ठेवले होते. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथे लिहिले आणि मौलाना आझादांनी 'गुबारे-खातिर'मधली पत्रे. उर्दू वाचणाऱ्या घरांत ते पुस्तक असतेच. त्यातली चिमण्यांची हकीकत आमच्या लेकीला तोंडपाठ आहे. मौलानांच्या बेगम जुलेखा १९४३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यात वारल्या तेव्हा ते याच भिंतींच्या आत होते. त्या खोल्या आज झाडून-पुसून जतन केलेल्या आहेत. तिथून बाहेर पडून फराहबागेत आलात की मग कळते, आठवण कशाची राखायची हे कुणीतरी ठरवलेले असते.

आणि जे कुणीच ठरवलेले नाही, त्याची एक गोष्ट सांगायची आहे. शहरापासून काही अंतरावर, एका शेतात एक लहान घुमट आहे. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. तो कुठल्याही यादीत आम्हाला सापडला नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा आत कडबा रचलेला होता आणि दारात शेळ्या बांधलेल्या. शेताचे मालक, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, बांधावरून ओरडले, "कोण हाये?" मास्तर आहोत म्हटल्यावर जवळ आले. कडब्याकडे पाहून थोडे ओशाळले असावेत, कारण न विचारताच म्हणाले, "सर, कबरीकडं कडबा लावीत नाही. ती बाजू मोकळीच असती. पाऊस लागंना म्हणून आत ठेवलाय."

खरेच, कबरीची बाजू झाडलेली होती. कोनाड्यात उदाची डबी होती. दर गुरुवारी तात्यांच्या घरातली बाई येऊन ऊद घालते. तिच्या सासूने घातला, त्याआधी तिच्या सासूने. आत कोण आहे हे त्यांना ठाऊक नाही. "बाबा हायेत," एवढेच. घुमटाच्या खालच्या चौकोनाला सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून नोंद आहे. म्हणजे कागदाच्या भाषेत, काही पिकत नाही अशी जमीन.

दाराच्या वर एक दगड आहे. त्यावर अक्षरे आहेत हे तात्यांना माहीत होते, पण ती नक्षी असावी असे त्यांना वाटायचे. दुपारचे ऊन समोरून पडत होते, तेव्हा आम्हालाही काही वाचता आले नाही. जुन्या कतब्याचे, म्हणजे कोरीव लेखाचे, असेच असते. समोरच्या उजेडात अक्षरे दगडात विरघळतात. अशा वेळी कुणी खडू घासतात, कुणी पीठ चोळतात, कुणी ओले फडके फिरवतात. ते कधी करू नये, झिजलेला दगड आणखी झिजतो. थांबावे. मगरिबच्या आधी ऊन तिरपे झाले की अक्षरांच्या कडांना सावली येते आणि ती आपण होऊन वर येतात. ऊन पोचत नसेल तर टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून एका बाजूने धरावा, मग दुसऱ्या बाजूने, आणि प्रत्येक वेळी फोटो काढावा. त्या दिवशी लेकीने टॉर्च धरला. ती तेव्हा सहावीत होती. कलम्याची अक्षरे आधी दिसली. ती तिने मोठ्याने वाचली. पुढे 'सन' एवढा शब्द, आणि त्यानंतर दगडाचा टवका उडालेला.

तात्यांनी विचारले, "काय लिव्हलंय?" आम्ही सांगितले. साल कुठले, ते विचारले. साल तुटले आहे म्हटल्यावर ते बराच वेळ त्या टवक्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आमच्या थोरल्या आज्याच्या टायमाला वीज पडली होती म्हणत्यात."

तेव्हापासून आम्ही वर्षातून दोनदा तिथे जातो. घुमटावर पिंपळाचे रोप येते, हा त्याचा खरा शत्रू. चिमणी-कावळ्याने बी टाकले की चुन्याच्या फटीत ते रुजते, मुळे आत जातात आणि काही वर्षांत दगडाला दगडापासून वेगळे करतात. मुळे जाड झाली की रोप उपटूही नये. उपटताना चुन्याचा गठ्ठा बाहेर येतो. रोप कोवळे असतानाच काढावे लागते. तात्या दर पावसाळ्यानंतर शिडी लावून ते काढतात. आमच्या आधीपासून काढत आले आहेत. फक्त पश्चिमेच्या बाजूला, जिथे शिडी टेकत नाही, तिथे एक रोप राहून गेले. आमच्या फोटोंत ते दर वर्षी दिसते. पहिल्या वर्षी चार पाने. तिसऱ्या वर्षी काडी. पाचव्या वर्षी त्याच्या खाली एक बारीक रेघ, जी आम्ही आधी सावली समजत होतो. सहाव्या वर्षी फोटो एकाखाली एक लावले तेव्हा कळले की ती रेघ लांबते आहे.

हे सगळे फोटो तारखेसह एका कार्यालयात दिले. पोच मिळाली. त्यानंतर काही नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा दिले, नव्या फोटोंसह. अधिकारी बदलले होते. त्यांनी आधीचा अर्ज शोधला, सापडला नाही. आमच्याकडे प्रत होती, ती दिली. छंद करणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की वहीत तारीख, वेळ आणि दिशा लिहावी, मूळ फोटो पुसू नयेत, आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर घरातल्या दुसऱ्या कुणाकडे ठेवावी. सुंदर फोटो भिंतीवर लावता येतो, पण अर्जाला जोडायला तारखेचाच फोटो लागतो.

यंदा उन्हाळ्यात तात्यांचा फोन आला. जमीन विकायचे चालले आहे. मुलगा पुण्यात, शेती करणारे कुणी नाही, आणि रस्ता जवळ आल्यामुळे प्लॉटिंगवाले मागे लागलेले. ते फोनवर बोलले ते असे: "सर, ते फोटू हायेत ना समदे? पहिल्यापासनचे?" आहेत म्हटले. "मग दोन दोन कापी काढून द्या. बाबांचा आन् त्या अक्षरांचा. घेणाऱ्याला म्हणलं, घुमट सोडून बाकीचं घे. तो म्हणतोय कागदावर घुमट कुठंय, पोटखराबा हाये. म्हणून फोटू पायजेत."

आम्ही मोठ्या आकारात छापून घेतले. घुमटाचे चारी बाजूंनी, कबरीचा एक, आणि लेकीने सहावीत टॉर्च धरून काढलेला त्या दगडाचा. प्रत्येकाच्या मागे तारीख, गट नंबर आणि दिशा लिहिली. अम्मी या वेळी गाडीत बसल्या नाहीत. घुमटापर्यंत चालत आल्या, दारात उभे राहून फातिहा पढली, आणि मग आत जाऊन तात्यांच्या घरातल्या बाईंशी ऊद कुठून आणता यावर बराच वेळ बोलत बसल्या. तात्यांनी एक संच सातबाऱ्याच्या फायलीत, प्लास्टिकच्या पिशवीत घातला. दुसरा त्यांनी वकिलाकडे द्यायला ठेवला. खरेदीखतात घुमट आणि त्याच्या भोवतीची दोन गुंठे जागा वगळली, असे कलम घालायचे म्हणतात. सौदा अजून झालेला नाही.

निघताना त्यांनी पश्चिमेच्या बाजूकडे बोट दाखवले. ते रोप आता मनगटाएवढे झाले आहे. शिडी पोचत नाही, तर बांधकामाची परात बांधता येईल का, असे ते विचारत होते. आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील गवंडी आहेत, पाडकाम नव्हे, जुने चुन्याचे काम जाणणारे. त्यांना विचारले आहे. पाऊस उघडला की येऊन पाहतो म्हणाले.